सावड

आमच्या वस्तीवरून मिग गेलं की म्हैस पान्हा चोरायची. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली झाला, तेव्हापासून निफाड तालुक्यातल्या माणसाला विमानाचं अप्रूप राहिलं नाही. मिग जाऊन सुखोई आली, आवाज वाढला, एवढाच काय तो फरक. आम्ही द्राक्षाच्या घडांचं डिपिंग करत असायचो. डोक्यावर आभाळ फाटल्यागत आवाज व्हायचा, पण मान वर करायला कुणाला सवड नसायची. धाकटा मात्र हातातला मग तसाच टाकून बांधावर पळायचा.

आज तो मालवाहू विमान उडवतो, तेही रात्रीचं. गावातली माणसं मला एकच विचारतात, "नाना, वशिला कुणाचा लावला?" नुसता नाही म्हटलं तर पटत नाही. वशिला नव्हताच असं छातीठोक सांगायला माझी जीभही जरा अडखळते, कारण वशिल्यासाठी मी कमी पायऱ्या झिजवलेल्या नाहीत. म्हणून एकदा सगळंच लिहून ठेवतो.

मी १९७७ साली दहावी झालो. वडील आजारी पडले आणि औत माझ्या हाती आलं. थोरल्याला शेतीचा नाद होता, धाकट्याला आभाळाचा. २०११ साली तो बारावी झाला. फिजिक्स आणि गणित होतं, ते नसतं तर गाडी तिथंच थांबली असती. पायलट व्हायला काय लागतं हे आमच्या पंचक्रोशीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरानंच माहिती काढली. आधी डॉक्टरची क्लास टू तपासणी, मग हवाई दलाच्या केंद्रात क्लास वन. त्यासाठी मी त्याला घेऊन बेंगळुरूला गेलो. डोळे, कान, छाती, रक्त, सगळं तपासलं. रंग ओळखायची परीक्षा चालू असताना मी बाहेर बाकड्यावर बसून घरचा देव आठवत होतो. पोरगा पास झाला, तेव्हा वाटलं अर्धी लढाई जिंकली. खरं तर अजून बांधसुद्धा ओलांडला नव्हता.

पुढं लेखी परीक्षा. नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती, प्रत्येक पेपरला शंभरात सत्तर पाहिजेत. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी. आणि उड्डाणाचे दोनशे तास. त्यातले शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर, थोडे रात्रीचे, एक उड्डाण तीनशे सागरी मैलांचं. एवढं झालं की कमर्शियल पायलटचं लायसन. तासाला किती पैसे पडतात हे ऐकल्यावर मी दोनशेनं गुणाकार केला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी नदीकडची सव्वा एकर विकली. सातबाऱ्यावरचं नाव बदललं, त्या दिवशी त्याची आई चुलीपुढून उठलीच नाही. बोलली काही नाही. जेवायला वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

परराज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये त्याचं नाव घातलं. पहिले काही महिने बरे गेले. मग कधी विमान दुरुस्तीला, कधी पेट्रोल नाही, कधी शिकवणारा सोडून गेला. पोरं हॉस्टेलवर बसून, फी भरलेली. वर्ष होत आलं तरी ह्याचे तास एकशे सतराच.

२०१२ चा ऑक्टोबर होता. छाटणी होऊन काड्यांना पेस्ट लावायचं काम चाललं होतं. हात भरलेले, म्हणून सुनेनं फोन कानाला लावून धरला. धाकटा म्हणाला, "नाना, इथले साहेब म्हणतात, राहिलेले तास आम्ही लॉगबुकात लिहून देतो. तू परीक्षा दे आणि मोकळा हो. बरीच पोरं तसंच करताहेत."

त्यांच्यात अशा तासांना पार्कर पेनचे तास म्हणतात, हे मला पुढं कळलं. विमान जागेवर, उडतो तो फक्त पेन. मी काय बोललो ते लपवणार नाही. म्हणालो, "मग घे की. सगळे घेतात तर आपणच हरिश्चंद्र कशाला? सव्वा एकर गेलीय."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "नाना, आपली फवारणीची डायरी मीच लिहिली होती."

सुनेच्या हातातला फोन मी तसाच ठेवायला लावला.

त्या डायरीचं सांगायला पाहिजे. द्राक्ष युरोपात पाठवायची तर कोणत्या प्लॉटला, कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती मारलं, ह्याची रोजच्या रोज नोंद ठेवावी लागते. मी औषध वेळेवर मारायचो, नोंद उद्या करू म्हणायचो. तपासणीला माणूस येणार म्हणून निरोप आला की एका रात्रीत वर्षाची डायरी तयार. धाकट्याचं अक्षर चांगलं. मी आठवून आठवून सांगायचो, तो लिहायचा. सगळी पानं एकाच दिवशी लिहिल्यागत दिसू नयेत म्हणून निळा पेन, काळा पेन, आलटून पालटून. आईनं चहा करून दिला होता. तेव्हा तो अकरावीला होता आणि ते साल २०१०.

त्याच साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश निघाले. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला मारायचं औषध. ह्याची तिकडं कुणी तपासणी करील असं आमच्या ध्यानीमनी नव्हतं. कंटेनर अडकले, भाव पडले, निर्यातदार बुडाले आणि त्यांच्यामागं आम्ही. माझा माल डायरी खोटी म्हणून अडकला असं नाही. डायरी खरी असलेल्यांचाही अडकला. पण निर्यातदारानं विचारलं, "कोणत्या प्लॉटला किती मारलंय ते सांगा, कमी मारलेला माल तरी वेगळा काढू," तेव्हा माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. डायरी होती, दोन रंगांची. खरं काय ते तिच्यात नव्हतं आणि माझ्या डोक्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. म्हणालो, "ते स्कूल सोड. दुसरीकडं बघ." त्याआधी २०११ सालीच खोट्या गुणपत्रिकांवर लायसन काढलेले पायलट पकडल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्या होत्या. पण मी त्या भीतीनं तसं म्हणालो नाही. पोराच्या पुढं आपलं तोंड उरावं म्हणून म्हणालो. पहिल्या स्कूलचे पैसे परत मिळाले नाहीत. सोसायटीचं कर्ज काढून दुसरीकडं राहिलेले त्र्याऐंशी तास पुरे केले. २०१४ ला लायसन हातात आलं.

लायसन आलं आणि नोकरी नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमानं जमिनीवर बसली, ती पुन्हा उठलीच नाहीत. तिथले अनुभवी पायलट बाजारात आले. त्यांच्यापुढं दोनशे तासांच्या पोराला कोण विचारणार? कांद्याचं असंच होतं. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असताना नव्या लाल कांद्याचे ट्रॅक्टर लागले की भाव कुठं राहतो?

शिवाय लायसन नुसतं काढून भागत नाही, ते जिवंत ठेवावं लागतं. दरसाल मेडिकल, दरसाल इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी, हात बसलेला राहावा म्हणून मधून मधून उड्डाण. भाकड जनावरालासुद्धा वैरण घालावी लागते, तसंच हे.

मग मी माझ्या परीनं धावपळ केली. एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर तीन खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला शिफारसपत्र मिळालं. वर मुद्रा, खाली झोकदार सही. सदर मुलगा होतकरू असून त्यास पायलटच्या पदावर सामावून घ्यावे. पोरानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "नाना, हे कुणाला दाखवलं तर माझं होणारं कामही जाईल." मला राग आला. म्हटलं, "ओळखीशिवाय जगात काही होत नाही." तो म्हणाला, "ओळख लागतेच. पण ही ओळख तुमची न् त्यांची झाली. माझी मलाच करावी लागेल."

मुंबईत अंधेरीला एका खोलीत चार पोरं राहायची, चौघंही लायसनवाले बेकार. एकदा कांदे, बाजरीचं पीठ आणि ठेचा घेऊन मी तिथं दोन रात्री राहिलो. बघितलं तर संध्याकाळी पाच-सहा नवी पोरं जमलेली आणि आमचा धाकटा त्यांना हवामानाचा पेपर शिकवतोय. मान्सून कसा येतो, ढगात बर्फ कसं धरतं. विचारलं, "फी किती घेतोस?" म्हणाला, "काही नाही." मी कपाळाला हात लावला.

त्याच्याजवळ एक छोटी वही होती. तिच्यात माणसांची नावं. कोण कुठं भेटलं, काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, त्याप्रमाणं आपण काय केलं. ज्यानं सल्ला दिला त्याला महिन्या-दोन महिन्यांनी कळवायचं, तुम्ही सांगितलं तसं केलं, असं असं झालं. मला म्हणाला, "नोकरी कुणाकडं मागायची नाही, नाना. नोकरी मागितली की माणूस फोन उचलत नाही. रस्ता विचारायचा. रस्ता सांगायला माणसाला आवडतं."

त्या वहीतल्याच कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं विमानतळावर मालवाहू विमानांच्या लोड कंट्रोलचं काम धरलं. पगार जेमतेम, ड्युटी रात्रीची. मला कमीपणा वाटला. पायलट व्हायला जमीन विकली आणि पोरगा मापाड्याचं काम करतोय! गावात मी कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडं ब्लू डार्टची मालवाहू विमानं १९९६ पासून उडताहेत, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. कुरियर, औषधं, मोबाइल, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, सगळं रात्रीतून इकडचं तिकडं जातं. पुष्कळशी विमानं आधी माणसं वाहून दमलेली असतात. मग त्यांच्या खुर्च्या काढायच्या, खिडक्या बुजवायच्या, अंगात मोठा दरवाजा पाडायचा, तळाला रूळ बसवायचे आणि माल वाहायला जुंपायचं.

त्याचं काम काय हे त्यानं मला बैलगाडीवरून समजावलं. गाडी भरताना माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांना फास बसतो. पुढं जास्त झाला की सगळा भार मानेवर. विमानाचं तसंच. कोणता नग किती वजनाचा आणि कुठं ठेवायचा ह्याचा हिशोब मांडून ट्रिम शीट करायची. भरताना विमान मागं बसू नये म्हणून शेपटाखाली टेकूसुद्धा लावतात. कॅप्टन त्या कागदाच्या भरवशावर विमान उचलतो. मी म्हटलं, "म्हणजे हीसुद्धा डायरीच की." तो हसला नाही. म्हणाला, "हो."

तिथला लोडरांचा मुकादम सिन्नरकडचा. धाकटा त्याच्या माणसांत बसून डबा खायचा. एका रात्री मुकादम म्हणाला, "भाऊ, ह्या नगाचं वजन अकराशे ऐंशी लिवलंय, पण गाडीला वढताना लई जड लागतोय." निघायची वेळ झालेली, वरून घाई. धाकट्यानं नग परत काट्यावर घालायला लावला. भरला अठराशे दहा. आकडे उलटे पडले होते. शीट पुन्हा केली, विमान पस्तीस मिनिटं उशिरा गेलं, ह्याला बोलणी बसली. पण कॅप्टननं जाताना नाव विचारलं. "तुझ्याकडं लायसन आहे का?" म्हणाले. बंगाली माणूस. तिथून त्यांची ओळख.

ती ओळख किती उपयोगाची ठरली ते सांगतो. तेव्हा पोरं घायकुतीला येऊन स्वतःच्या पैशानं टाइप रेटिंग करत होती, म्हणजे एखाद्या ठरावीक जातीच्या विमानाचं शिक्षण. खर्च वीसेक लाखांच्या घरात. आणि कंपन्यांची विमानं वेगवेगळी, कुणाची एअरबस ३२०, कुणाची बोइंग ७३७. चुकीच्या विमानाचं रेटिंग घेतलं तर पैसे मातीत. मी उरलेल्या जमिनीवर कर्ज काढायच्या तयारीत होतो, कागद गोळा केले होते. कॅप्टन म्हणाले, "थांब. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय माल पिकवू नकोस. मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेव, अभ्यास ठेव, जागा निघाली की त्या विमानाचं कर." त्या एका शब्दावर माझी जमीन वाचली. कॅप्टननं नोकरी दिली नाही. शब्दही टाकला नाही. थांब म्हणाले, एवढंच.

जागा निघाली २०१८ ला. ती बातमी कुणी दिली, तर अंधेरीच्या खोलीत फुकट हवामान शिकलेल्या एका पोरानं. तो आधीच एका मालवाहू कंपनीत लागला होता. रात्री साडेअकराला फोन करून म्हणाला, दादा, उद्या अर्ज कर, परवा मुदत आहे. लेखी परीक्षा, सिम्युलेटरची चाचणी, मग मुलाखत. मुलाखतीत लॉगबुकाचं पान न् पान चाळलं. एकानं बोट ठेवून विचारलं, "एकशे सतरा तासांवर स्कूल का बदललं?" ह्यानं जे घडलं ते सांगितलं. स्कूलचं नाव त्यांनी विचारलं नाही आणि ह्यानंही सांगितलं नाही. विचारणारा थोडा वेळ त्याच पानाकडं बघत राहिला, मग त्यानं पान उलटलं.

महिन्याभरानं निवडीचं पत्र आलं. शिक्षण कंपनीच्या ७३७ वर, बदल्यात काही वर्षांचा करार. त्याच्या आईनं पत्र देवापुढं ठेवलं आणि मला म्हणाली, "आता तरी नदीकडून जाताना मान खाली घालून चालू नका." इतकी वर्षं तिनं ते बघितलं होतं.

तर वशिला कुणाचा? मी पुष्कळ विचार केला. आमच्याकडं सावड असते. माझ्या खुरपणीला तू ये, तुझ्या सोंगणीला मी येतो. पैसा नाही, कागद नाही, पण कोण किती दिवस आलं ते सगळ्यांच्या डोक्यात असतं. जो नुसता बोलावतो आणि स्वतः जात नाही, त्याच्या बांधावर पुढच्या साली कुणी फिरकत नाही. मी जन्मभर सावडीनं शेती केली आणि पोराच्या वेळेला मात्र पुढाऱ्याची पायरी चढलो. पोरगा शहरात जाऊन सावड करत बसला. मुकादमाच्या डब्यात हात घातला, पोरांना फुकट शिकवलं. त्याचे दिवस फिरून आले.

पण सावड केली म्हणजे पीक येतंच असंही नाही. खोलीतल्या चौघांपैकी दोघं आज पायलट आहेत. एक विमानतळावरच दुसऱ्या कामात स्थिरावला. चौथा जळगावकडचा, हुशारीत आमच्यापेक्षा कांकणभर सरस. त्याच्या घरचा पैसा मेडिकल न् चाचण्यांना पुरला नाही. आता वडिलांचं दुकान बघतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. धाकट्याची विचारपूस करतो, विमानाचं काही विचारत नाही.

आमच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज असते. बिबट्याच्या भीतीनं बॅटरी आणि काठी घेऊन मी मोटार चालू करायला जातो. त्याच वेळेला तो कुठंतरी आभाळात असतो. त्याचे पंधराशे तास कधीच भरले, वरच्या लायसनच्या परीक्षा झाल्या, डाव्या खुर्चीत बसायची तयारी चालू आहे. पहाटे चारच्या सुमाराला त्याचा एका शब्दाचा निरोप येतो, "उतरलो." मी लिहितो, "पाणी झालं." मग घरी येऊन दिवा लावतो आणि आदल्या दिवशी काय फवारलं ते डायरीत टिपतो. एकाच पेनानं.

परवा शेजारच्या वस्तीवरचा भाऊसाहेब त्याच्या पोरीला घेऊन आला. बारावीला आहे, तिलाही विमान चालवायचंय. म्हणाला, "नाना, एक एकर काढायची तयारी आहे, तुम्ही फक्त वाट सांगा." मी धाकट्याला फोन लावून दिला. तो आधी पोरीशी बोलला, बराच वेळ. मग म्हणाला, फोन काकांकडं द्या.

"काका, जमिनीचं नाव आत्ता काढू नका. आधी क्लास टू मेडिकल करून या. खर्च थोडाच आहे. तो कागद हातात आला की मला फोन करा. तोवर तिला म्हणावं, माझ्या जुन्या वह्या नानांकडं आहेत, त्या घेऊन जा. आणि वाचून झाल्या की पुढच्याला द्यायच्या."